घरची हाक

अझीम साहेबांनी उभ्या जन्मात पत्त्याला हात लावला नव्हता, अन् सरकारनं त्यांना नेमकं पत्त्यांवरच बसवलं होतं. त्यांच्या टेबलावर पाटी होती : वरिष्ठ धोरण विश्लेषक, जुगार नियमन कक्ष. ती पाटी मला एका दमात म्हणता यायला लई दिवस लागले. माझी शाळा तिसरीपर्यंत. तीही मास्तरांशी पटलं नाही म्हणून सुटली. चूक मास्तरांची होती, आजही माझं म्हणणं तेच आहे.

एक गोष्ट अगोदर सांगून टाकतो. गाडी माझी होती. लोक मला साहेबांचा ड्रायव्हर म्हणायचे अन् मला ते खपत नसे. नांदेडच्या त्या कक्षानं माझी जीप भाड्यानं लावली होती. मालक मी अन् चालवणाराही मी. पहिल्याच दिवशी मी साहेबांना तोंडावर सांगितलं, "साहेब, मी गाडीमालक हाय. दार उघडून देणार न्हाई." आतापर्यंत किती साहेबलोकांना हे सांगितलं असेल, काहींनी तर दुसऱ्या दिवशी गाडीच बदलून घेतली. या माणसानं स्वतः दार उघडलं, मागं न बसता पुढं माझ्या शेजारी बसले अन् म्हणाले, "मग मी तुमच्या गाडीत पाहुणा झालो. तुम्हाला मामा म्हणू का?"

तेव्हापासून मी मामा.

अंगानं बारीक, केस कानाजवळ पिकलेले, सदरा नेहमी पांढरा अन् खिशात कायम एक पितळी पेला. तो पेला त्यांच्या वडिलांच्या हातचा. वडील लातूरला गंजगोलाईच्या बाजारामागं भांड्यांना कल्हई करायचे. साहेब कुठल्याही टपरीवर गेले की कपबशी बाजूला सारून पेला पुढं करायचे. हॉटेलात पितळी पातेलं दिसलं तर आतून बोट फिरवून बघायचे अन् हळूच सांगायचे, कल्हई गेली आहे, यात दही लावू नका. हॉटेलवाल्याला वाटायचं अन्न खात्याचा माणूस आला.

गावोगाव लोक विचारायचे, तुम्ही पोलीस का? ते सांगायचे, पोलीस पकडतात. मी सरकारला फक्त सांगतो की नियम कसा असावा. ऐकायचं का नाही ते सरकारचं. एवढं ऐकलं की लोकांचा त्यांच्यातला रसच जायचा. अहमदपूरला एका म्हाताऱ्यानं मात्र त्यांना बाजूला घेतलं. सरकारात हाय म्हणता ना, मग उद्याचा आकडा तरी सांगा, म्हणाला. साहेबांनी त्याला मनापासून सांगितलं की सरकारला आकडा माहीत नसतो. म्हाताऱ्याचा विश्वास बसला नाही. तो मला म्हणाला, "तुमचा साहेब लई आतल्या गाठीचा हाय."

साहेबांचं काम करायचं एक तऱ्हेवाईक वळण होतं. नियमाचं एखादं कलम लिहिलं की ते गाडीत मला वाचून दाखवायचे. लातूरच्या वाटेवर लोहा गाव लागतं, त्याच्या अलीकडं वाचायचे, लोह्याच्या पलीकडं म्हणायचे, "आता तुम्ही मला सांगा, मामा." मी मला समजलं तसं सांगायचो. बहुतेक वेळा ते चुकीचं असायचं, कारण त्या वाक्यांना शेपूट लई लांब. साहेब कधी हसले नाहीत. म्हणायचे, चूक वाक्याची आहे, तुमची नाही. मग खोडून पुन्हा लिहायचे. मला ते पटायचं. मास्तरांनी असं म्हटलं असतं तर मी चौथीत गेलो असतो.

आणखी एक. ते कोणालाच जुगारी म्हणायचे नाहीत. खेळणारा म्हणायचे. गावात लोकांच्या तक्रारी ऐकायला बसले की पहिलं वाक्य हेच : इथं कोणी खेळणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही. एखाद्या बाईनं रडत नवऱ्याचं नाव घेतलंच तर लिहिणाऱ्याला हातानं थांबवायचे. मी एकदा म्हटलं, ज्यानं घर बुडवलं त्याची कसली एवढी इज्जत? ते म्हणाले, तेवढीच तर उरलेली असते, मामा.

हे सगळं ठीक चाललं होतं. रेणापूरला गेलो तिथून ते त्या एका कलमाच्या मागं लागले.

रेणापूरला बाजाराच्या मागं एक क्लब होता. परवाना कॅरमचा अन् खेळ रमीचा, हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत. मालक बापूराव, पैलवानी अंगाचा म्हातारा. साहेबांनी आपण कोण ते सरळ सांगितलं अन् भिंतीकडच्या बाकड्यावर बसले. खेळणारे थोडा वेळ बिचकले, मग विसरले. दुपारची वेळ. डाव रंगात आला होता अन् तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही, कोणाचं नाव घेतलं नाही. फक्त म्हणाली, "घरी बोलावलंय."

पन्नाशीचा एक माणूस उठला. हातातली पानं पालथी टाकली, चप्पल घातली अन् गेला. बाकीच्यांनी डोकं वर केलं नाही.

मला रमी येते. अर्ध्यात उठणाऱ्याला पुरा दंड बसतो. इथं कोणी मागितलाच नाही. साहेबांनी बापूरावला विचारलं, असं कसं? बापूराव म्हणाला, घरची हाक आली की पान पालथं टाकायचं, त्याला दंड न्हाई. त्याच्या बापापासूनची ही रीत. अन् हाक आली त्या दिवशी त्या गड्याला तो परत बसवत नसे.

"आणि तो म्हणाला, मला नाही जायचं, तर?" साहेबांनी विचारलं.

"म्हणू द्या की. म्या बसवलंच न्हाई तर खेळतो कुणासंगं?"

साहेबांनी परतताना कागद काढलाच नाही. गाडी लोह्याच्या पुढं आली तेव्हा मीच म्हटलं, आज वाचायला काही न्हाई का? ते समोर बघत म्हणाले, "क्लबाला दार आहे, मामा. बाई येऊन दारात उभी राहू शकते. फोनला दारच नाही. आई पोराच्या शेजारी बसलेली असते, तरी ती बाहेरच. मला तेवढं एक दार लिहायचंय."

त्या वेळी फोनवरची रमी जोरात होती. पोरं रस्त्यानं चालता चालता खेळून राहिली होती. साहेबांचं कलम असं होतं : घरातल्या दोन शहाण्या माणसांनी मिळून अर्ज केला तर कंपनीनं खेळणाऱ्याचं खातं थांबवावं अन् त्याला परत बसवू नये. कागदावर त्याला काही आकडा होता, आम्ही दोघं गाडीत त्याला घरची हाक म्हणायचो.

मी त्या कलमाशी लई भांडलो. बायकोच्या अन् पोराच्या शब्दावर कर्त्या गड्याला कुलूप लावायचं, हा कुठला न्याय? माझ्या घरात असं कोणी केलं तर मी दोघांनाही घराबाहेर काढीन, असं मी स्टेअरिंगवर हात आपटून सांगितलं. साहेब चार फेऱ्या माझ्याशी वाद घालत राहिले. शेवटी त्यांनी त्यात एक ओळ वाढवली : खातं थांबवल्यावर खेळणाऱ्याचं म्हणणंही ऐकून घ्यावं. ती ओळ माझी. सरकारी कागदात माझी एक ओळ होती, हे मी अजून सांगतो.

लातूरला गेलो की आम्ही त्यांच्या घरी जेवायचो. घरात अम्मी, म्हणजे साहेबांच्या आई, अन् धाकटा भाऊ नदीम. साहेबांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती, दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. वडिलांच्या कल्हईच्या जागी आता नदीमचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं. नदीम तोंडानं गोड, गिऱ्हाईक हातचं सोडत नसे. मला बघितलं की म्हणायचा, "आवो मामा, गाडीमालक, बैठो." मला तो आवडायचा.

अम्मी मात्र साहेबांच्या नोकरीवर नाराज होत्या. पाटीवर जुगार हा शब्द, म्हणजे पगार जुगाराचा, असा त्यांचा हिशोब. साहेबांच्या पैशातून विजेचं बिल चाले, पीठ चाले. पण वडिलांच्या पुण्यतिथीला फातेहाचं जेवण नाही, अन् हजला तर त्यातली एक पै नाही. हजचं सगळं नदीमच्या दुकानातून, नदीमच्या खात्यात, वर्षानुवर्षं साठत आलेलं. साहेबांनी मौलवींना विचारून आणलं होतं की जुगार रोखायच्या कामाचा पगार हलाल आहे. अम्मी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "हज कू मौलवीसाब जारै क्या मैं जारी?"

साहेब हसले. राग म्हणून त्यांना त्या गोष्टीचा कधी आला नाही.

पुढं अम्मींनी हजचा अर्ज भरला. तिथं कुर्रा काढतात, चिठ्ठ्यांसारखं, ज्याचं नाव निघेल तो जाणार. अम्मींचं नाव निघालं. साहेब त्या दिवशी चेष्टेत म्हणाले, अम्मी, तुम्ही पण नशिबाच्या खेळात उतरलात. अम्मींनी हातातला पंखा त्यांच्या पाठीत घातला. घरभर गोड वाटलं. मलाही डबा दिला. आता पैसे भरायचे होते. नदीम म्हणाला, उद्या भरतो. मग म्हणाला, बँकेचं काही अडलंय, सोमवारी. मग सोमवार गेला.

एके दिवशी सकाळी साहेब नांदेडच्या ऑफिसात होते अन् मी खाली गाडी पुसत होतो. ते जिना उतरून आले ते धावतच. दार उघडून बसले अन् म्हणाले, "मामा, इस्लापूर." नदीमनं अम्मींना फोन केला होता. अब्बा आम्हाला लहानपणी जिथं घेऊन गेले होते त्या पाण्यावर आलोय, माफ करो, एवढंच बोलला अन् फोन ठेवला. ते पाणी म्हणजे इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा. भर पावसाळा, पैनगंगा दोन्ही थड्या भरून.

भोकर, हिमायतनगर, मी गाडी कशी हाणली माझं मला माहीत. साहेब नदीमला फोन लावत होते. फोन वाजायचा, तो उचलायचा नाही. शेवटी फोन वाजायचाही थांबला. साहेबांनी आपला फोन मांडीवर पालथा ठेवला. वाटेत एकदाच बोलले, "मी दुसऱ्यांच्या घरचं लिहीत बसलो, मामा." मी गाडीचा वेग वाढवला.

धबधब्याच्या अलीकडं गाडी लावली अन् आम्ही दोघं उतरणीनं निघालो. पाण्याचा आवाज एवढा की हाक मारलेली आपल्यालाच ऐकू येईना. खाली कठड्यापाशी कोणी नव्हतं. साहेब त्या ओल्या खडकांवर इकडून तिकडं फिरले, वाकून खाली बघितलं. त्यांचा सदरा तुषारांनी भिजून अंगाला चिकटला. मी त्यांना दंडाला धरून मागं ओढलं, नाहीतर आम्ही एकाला शोधायला जाऊन दोघं गमावणार होतो.

तेव्हा मी वर बघितलं. टेकाडावर मक्याची कणसं भाजणाऱ्या बाईचं छप्पर होतं, तिथं दगडावर नदीम बसलेला. जिवंत. आम्ही धापा टाकत वर गेलो. साहेब त्याच्यासमोर उभे राहिले अन् नदीमनं मान वर केली नाही. दोन्ही अंगठे फोनवर. डाव चालू होता.

"नदीम," साहेब म्हणाले.

"नीचे रेंज नै आती, भैया," नदीम म्हणाला. "दो मिनट. ये डाव होने दो."

तो जीव द्यायला गेला होता का नुसता गेला होता, हे त्याला ना साहेबांनी विचारलं ना मी. साहेब त्याच्या शेजारी दगडावर बसले. फोन हिसकावला नाही. मी पुढं झालो होतो हिसकावायला, त्यांनी मला हातानं थांबवलं. कणसंवाली बाई आमच्याकडं बघत होती. डाव संपला. नदीम हरला. मग त्यानं भावाच्या खांद्यावर डोकं ठेवलं अन् लहान पोरासारखा रडला. अम्मीचं हजचं सगळं त्या फोनात गेलं होतं, वर दुकानातला मालही.

घरी गेल्यावर साहेबांनी आपल्या पगारातून हजचे भरतो म्हटलं. अम्मी नमाजाच्या चटईवर, जानमाजवर बसल्या होत्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "उसी खेल में गया, अब उसी खेल के पैसे से जाऊं? नक्को." त्यांचा नंबर पुढच्या कोणाला तरी गेला. मला त्या बाईचा तेव्हा राग आला होता. आता नाही येत. मीही तेच केलं असतं.

यानंतर साहेबांनी जे केलं ते त्यांच्यासारखाच माणूस करू जाणे. घरच्या हाकेचं कलम तयार होऊन वर जायच्या बेतात होतं. फायलीत त्यांनी आपल्या हातानं टिपण जोडलं की माझा सख्खा भाऊ हा खेळ खेळतो, ही गोष्ट वरिष्ठांच्या नजरेस आणतो. मला हे त्यांनी गाडीत सांगितलं. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली अन् बंद केली.

मी म्हटलं, "साहेब, हे तुमाला कुणी इचारलं होतं का?"

"नाही."

"मग?"

"कोणी विचारलं नाही म्हणूनच लिहावं लागतं. उद्या कोणी म्हणेल, यानं आपल्या घरासाठी नियम केला."

"मग घरासाठी केला तर काय बिघडलं? समद्यांनाच घर हाय की."

त्यांनी पेला खिशातून काढला, बघितला, परत ठेवला. मी अजूनही म्हणतो, तो कागद जोडायचा नव्हता. त्यांनी तो जोडला.

महिना झाला नसेल, फाईल त्यांच्याकडून काढून मुंबईच्या एका दुसऱ्या अधिकाऱ्याकडं दिली. कारण साहेबांचा स्वतःचा संबंध. कोणी वाईट बोललं नाही, उलट प्रामाणिकपणाबद्दल कौतुकाची एक ओळ लिहून आली. नवा मसुदा आला तेव्हा साहेबांनी जुन्या सवयीनं लोह्याच्या अलीकडं मला तो वाचून दाखवला. खातं ज्याचं, त्यानंच ते थांबवायचा अर्ज करायचा, अन् त्याच्याच फोनवर येणारा आकडा टाकून खात्री करायची. घरच्यांचा शब्द कुठंही नव्हता. माझी ओळही गेली होती.

लोह्याच्या पलीकडं त्यांनी विचारलं, "सांगा मामा, काय समजलं?"

"ज्याला उठवत न्हाई, त्यानंच उठून अर्ज करायचा."

"पहिल्या झटक्यात बरोबर सांगितलंत," ते म्हणाले. "वाक्य चांगलं लिहिलंय."

नंतर त्यांचं कंत्राट संपलं अन् कोणी वाढवलं नाही. माझ्या गाडीचंही संपलं. पाटी कोणी काढली मला माहीत नाही. आता दिल्लीहून कायदा झाला, पैशाचा खेळ फोनवर बंदच केला म्हणतात. चहाच्या टपरीवर पोरं सांगतात, बंद झाला तरी आडवाटेनं चालूच आहे. खरं-खोटं त्यांना ठाऊक. मी सांगतोय ते त्याच्या अगोदरचं. ज्यांचं तेव्हा गेलं त्यांना आता झालेल्या कायद्याचं काय करायचं?

साहेबांना मी शेवटचं पाहिलं ते लातूरला, सुनावणीच्या दिवशी. त्या नव्या मसुद्यावर लोकांनी हरकती सांगायच्या होत्या. साहेबांनी मला फोन केला, मामा, भाड्यानं याल का. मी म्हटलं, भाडं घेणार न्हाई, यायचं तर असाच येईन. ते म्हणाले, मग या. घरून आम्ही तिघं निघालो, साहेब, नदीम अन् मी. अम्मी आजारी होत्या, त्यांच्या भरवशावर नदीमला घरी ठेवायची सोय राहिली नव्हती. फोन त्याच्या हातातच होता. अम्मींनी एकदा काढून घेतला होता, त्यानं दुसरा आणला. साहेब म्हणायचे, हिसकावून उपयोग नाही, हाक मारत राहायचं, कधीतरी उठेल.

सभागृह मोठं होतं. पुढच्या रांगेत कंपन्यांचे वकील, मागं शिक्षक, क्लबवाले, काही बाया. रेणापूरचे बापूरावही दिसले, त्यांनी साहेबांना लांबून हात जोडले. मंचावर तो मुंबईचा अधिकारी, वयानं तरुण, बोलायला सभ्य. ज्या मंचावर साहेब बसायचे त्याच्यासमोर साहेब रांगेत उभे राहिले, हातात पाळीची चिठ्ठी घेऊन, सगळ्यांसारखे. नदीमला मी शेवटच्या रांगेत दाराजवळ बसवलं अन् त्याच्यामागं भिंतीला टेकून उभा राहिलो.

साहेबांची पाळी आली. लिहिणाऱ्यानं विचारलं, नाव? मग विचारलं, कोणाच्या वतीनं?

"घरच्यांच्या," साहेब म्हणाले.

त्यांनी कागद काढला नाही. रेणापूरचा क्लब सांगितला, दारातली बाई सांगितली, पालथी पानं सांगितली. आवाज चढवला नाही. मला वाटलं, आता जमतंय. वकीलसुद्धा लिहायचे थांबले होते. मग ते कलम त्यांनी तोंडपाठ म्हटलं, माझ्या ओळीसकट.

अधिकारी सभ्यपणे म्हणाला, "तुमची कळकळ समजते. पण एक अडचण आहे. खेळणारा सुटायला तयार असेल तर नियम आहेच, तो स्वतः अर्ज करेल. तयार नसेल तर सज्ञान माणसाच्या मर्जीविरुद्ध आपण कसं जायचं? आणि इतका हाताबाहेर गेलेला माणूस, ज्याला स्वतः अर्जही करता येत नाही, असा खरंच असतो का? एखादं उदाहरण आहे का तुमच्यासमोर?"

सगळं सभागृह साहेबांकडं बघत होतं. अन् माझ्या पुढ्यात, हाताच्या अंतरावर, ते उदाहरण मान खाली घालून बसलं होतं. अंगठे चालू. स्वतःचीच सुनावणी चालली आहे हे त्याच्या कानावरही नव्हतं. साहेबांनी फक्त मागं वळून बोट दाखवायचं होतं. एवढ्यानं काम झालं असतं. मंचावरच्या माणसाला एक शब्द बोलता आला नसता. मी मनात म्हणत होतो, दाखवा साहेब, आता इज्जत बघू नका.

त्यांचा उजवा हात समोरच्या टेबलावरून थोडा वर आला. मी बघितला. मग तो परत खाली गेला.

"इथं खेळणाऱ्याचं नाव घेत नसतात," ते म्हणाले.

वेळ संपल्याची घंटी वाजली. लिहिणाऱ्यानं पुढचं नाव पुकारलं.

साहेब मधल्या वाटेनं मागं आले. नदीमच्या खुर्चीजवळ थांबले नाहीत, माझ्याकडंही बघितलं नाही. सरळ दाराबाहेर गेले अन् उंबऱ्याच्या पलीकडं वळून उभे राहिले. आत पाऊल नाही. रेणापूरची ती बाई जशी उभी होती, तसेच.

"नदीम," ते म्हणाले, मोठ्यानं नाही. "घर पे बुलाये हैं."

नदीमनं डोकं वर केलं नाही. एक बोट वर केलं, थांबा म्हणून.

"दो मिनट, भैया."

मी साहेबांच्या अंगावरून बाहेर गेलो. गाडी आणून पायऱ्यांना लावली, खाली उतरलो, अन् हयातीत जिचं दार कोणा साहेबासाठी उघडलं नव्हतं त्या माझ्या गाडीचं दार उघडून धरलं. साहेब उंबऱ्याबाहेर उभे होते. आतून अजून कोणी आलं नव्हतं.